दहा गुंठ्यांची कुंडी

हट्ट्याच्या तातेरावांना झाडापिकातलं काही सांगायला कुणी जात नसे. लोक विचारायला येत. हळदीचं पान पिवळं पडलं की माणूस ते पान खिशात घालून सकाळीच त्यांच्या ओट्यावर हजर. तातेराव पान उजेडाकडे धरत, उलटं करत, चुरगाळून वास घेत आणि एका वाक्यात निकाल देत. "पाणी साचलंय. चर काढ." दहापैकी सात जणांना ते चरच काढायला लावत, आणि त्या सातांची हळद बहुधा वाचतही असे.

त्यामुळे जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुनेने त्यांच्याशी पैज लावली, तेव्हा त्यांना आधी हसूच आलं.

सून म्हणजे वैष्णवी. कृषी पदविका झालेली, लग्नाला दोन वर्षं. तिला रोपवाटिका काढायची होती आणि त्यासाठी विहिरीजवळचे दहा गुंठे हवे होते. नवरा हरीश वसमतला ठिबकच्या दुकानात कामाला. त्याचं म्हणणं, तुम्ही दोघं काय ते ठरवा. पण विहिरीजवळचे दहा गुंठे म्हणजे तातेरावांचा जीव. काळीभोर माती, हाताशी पाणी. घरचं हळदीचं बेणं ते तिथंच करत, आणि त्याच बेण्यासाठी लांबलांबची माणसं हट्ट्याला येत.

"रोपवाटिका म्हंजे खेळ न्हाई," तातेराव म्हणाले. संध्याकाळचा चहा चालला होता. "रोपापाशी बसून ऱ्हावं लागतं. तुझ्याकडं खिडकीत एक झाड हाय, तेबी वाढून न्हाई राहिलं. काय लावलंस ते, घोळ?"

"घोळ असती तर मी भाजीला घेतली नसती का?" गोजरबाई, तातेरावांची बायको, आतून म्हणाली.

झाड घोळीसारखंच जाड, रसाळ पानांचं होतं, पण आकार कमळाचा. पानावर पान रचलेलं, रंग राखाडी-हिरवा, कडांना जराशी लाली. वैष्णवीने ते लग्नाआधी एका मैत्रिणीकडून आणलं होतं आणि चहाच्या कपाएवढ्या कुंडीत ठेवलं होतं.

"ते वाढत नाही, कारण कुंडी लहान पडलीय," वैष्णवी म्हणाली. तिने कुंडी आणून उलटी धरली. तळाच्या भोकातून पांढरी मुळं बाहेर आली होती. "पाणी घातलं की थांबतच नाही, तसंच खालून निघून जातं. कुंडी बदलायची झालीय."

"मग बदल की."

"मी परवा चालले, मामा. पुण्याकडे महिनाभर ट्रेनिंग आहे, माहीत आहे ना?" ती जरा थांबली. "तुम्हीच बदला. मी येईपर्यंत झाड जगलं, तर विहिरीजवळच्या जमिनीचं नाव काढणार नाही. मेलं, तर दहा गुंठे माझे."

तातेरावांनी कपातला चहा बशीत ओतला. "बोललीस बरं का. गोजर, साक्षीला हायस तू."

"मी चपात्या करून राहिले, मला साक्षीला धरू नका."

"कशी बदलायची ते सांगू का?" वैष्णवीने विचारलं.

"मला?"

"नाही, अडलं तर. फोन केला तरी चालेल."

तातेरावांनी बशी तोंडाला लावली. त्या फोनचा विषय तिथं संपला.

वैष्णवी गेली त्याच दिवशी दुपारी पावसाने उघडीप दिली, आणि तातेरावांनी काम काढलं. काम करायचं तर नीट. विहिरीजवळची काळी माती आणली, ढेकळं फोडून चाळली. निम्मं जुनं शेणखत मिसळलं, वर दोन मुठी निंबोळी पेंड. कुंडी म्हणून रंगाची दहा लिटरची रिकामी बादली घेतली. तापवलेल्या खिळ्याने तळाला एक भोक पाडलं. मोठं व्हायचं तर मोठं घर पाहिजे. झाड मधोमध बसवलं, माती मुठीने दाबली आणि तांब्याभर पाणी घातलं. मग बादली ओसरीच्या कडेला ठेवली, म्हणजे पागोळ्यांचं पाणीही मिळेल. एवढ्या बादलीत ते झाड परातीत ठेवलेल्या लाडवासारखं दिसत होतं.

"खा, पी," तातेराव त्याला म्हणाले. "चहाच्या कपात उपाशी ठेवलं तुला."

पुढचा आठवडाभर पाऊस बरसतच राहिला. तातेराव रोज एकदा बादलीकडे पाहत. माती काळी, तुकतुकीत, ओली. त्यांना समाधान वाटे.

नवव्या दिवशी खालची चार पानं पिवळी पडली.

तातेरावांनी पान उजेडाकडे धरलं. पानातून पलीकडचं दिसत होतं. शिजलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालं होतं ते. त्यांनी निकाल दिला, "खत कमी पडलं," आणि दहा-सव्वीस-सव्वीसचे आठ दाणे मोजून बुडाशी टाकले.

अकराव्या दिवशी नुसतं बोट लागलं आणि तीन पानं गळून हातात आली.

"अहो, ते सडून राहिलं," गोजरबाई म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"झाडातलं न्हाई कळत. वास कळतो मला. लोणचं बिघडल्यावानी येऊन राहिला."

तातेरावांनी वाकून वास घेतला आणि ते सरळ झाले. मग ओसरीवर जाऊन बसले. दहा गुंठे त्यांच्या डोळ्यांपुढे आले, त्यांत काळी जाळी, आणि जाळीखाली कुंड्या. मग बेणं करायचं कुठं? खालच्या वावरात भेगा पडतात, वरच्यात पाणी नाही. तीस वर्षं राखलेली जात.

"लावा की सूनबाईला फोन," गोजरबाई म्हणाली.

"न्हाई."

"हरीशला विचारा."

"तो तिलाच विचारील."

"मग सटवाजीला तरी दाखवा."

सटवाजी शेजारी. त्याला दाखवणं म्हणजे अख्ख्या हट्ट्याला दाखवणं. वसमतला चार नर्सऱ्या होत्या, पण तिथल्या हळदीच्या मार्केटात तातेरावांना हमालही नावाने ओळखत. विचार करता करता त्यांना आठवलं: गेल्या उन्हाळ्यात वाशिमकडच्या एका लग्नाला जाताना कनेरगाव नाक्यावर, ढाब्याच्या पुढे, रस्त्याला लागून एक नर्सरी दिसली होती. दारातच असली जाड पानांची झाडं मांडलेली. तिथं त्यांना कोण ओळखणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झाड मुळासकट उपटलं, ओल्या गोळ्यासकट स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि डबा पिशवीत घातला. औंढ्यावरून हिंगोली, हिंगोलीहून दुसरी एसटी. नाक्यावर उतरले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि नुकतीच एक सर पडून गेली होती.

नर्सरी पेमाबाईची होती. पन्नाशीची, उंच बाई; जाळीखाली उकिडवी बसून ती पिशव्या भरत होती. तातेरावांनी डबा उघडून पुढे केला. तिने आत पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"कोण्या शहाण्यानं लावलं हे?"

"शेजारी हाय आमचा," तातेराव म्हणाले. "सटवाजी नावाचा."

"शेतकरी हाय का?"

"व्हय."

"तरीच." तिने गोळा बोटांनी फोडला. आतली मुळं तपकिरी दोऱ्यासारखी निघाली. "काळ्या मातीत लावलं. वरतून खत घातलं. अन् पाणी! हे काय ऊस हाय का? या झाडाच्या पानातच पाणी राहते, दादा. त्याला मागितल्याशिवाय द्यायचं न्हाई. काळी माती पाणी धरून बसते, अन् मुळावर पाणी धरलं की हे मेलं. सांगा तुमच्या त्या सटवाजीले."

"सांगतो."

"अन् कुंडी केवढी घेतली त्यानं?"

तातेरावांनी हाताने माप दाखवलं. दाखवताना दोन्ही हात जरा जवळ घेतले, तरी पेमाबाई हसायला लागली.

"अवो, या एवढ्याशा झाडाले? त्याची मुळं जेवढी माती पितात तेवढीच द्यावी. बाकीची ओलीच राहते न मग! आधीच्या कुंडीपेक्षा दोन बोटं मोठी घेतली की बस."

"मुळं भोकातून बाहेर आली व्हती. म्हणून बदलली. त्यानं."

"ते बराबर केलं. मुळं बाहेर आली, पाणी थांबेना, झाड एका अंगाले कलंडलं, की बदलायचीच. पण काय हे दिवस हायेत? पाऊस सरला की बदला, दसऱ्याच्या आगेमागे. न्हाई जमलं तर थंडी सरल्यावर, होळीच्या आत. अन् बदलायच्या आधी आठ दिवस पाणी तोडायचं. माती कोरडी झाली की झाड आपसूक निघते, जुनी माती हातानं झटकता येते. यानं तर उघडझापीतच उपटलं अन् लावलं!"

एवढ्यात पलीकडून पेमाबाईचा नवरा रणजीत रोपांचा ट्रे घेऊन आला. त्याने ट्रे खाली ठेवला आणि तो तातेरावांकडे पाहत राहिला.

"तुमी हट्ट्याचे तातेराव ना? बेण्यावाले?"

तातेरावांनी डब्याचं झाकण शोधायला सुरुवात केली.

"अगं, हेच ते," रणजीत बायकोला म्हणाला. "माझ्या मामाच्या वावरात आपण हळद लावली ना, ते बेणं यांचंच. किती समजावून सांगितलं होतं यांनी! चर काढा, पाणी साचू देऊ नका, न्हाईतर कंद कुजतो. अर्धा तास सोडलं न्हाई मले."

पेमाबाईने डब्यातल्या झाडाकडे पाहिलं. मग तिने हात पदराला पुसले.

"दादा, एक इचारू? तुमी बेणं काढता अन् लगेच लावता का?"

"न्हाई. सावलीत ठेवतो. दोन-अडीच महिने."

"कंद फोडला तर? ओला असतानाच लावता?"

"छे. फोडलेली जागा सुकू देतो आधी. ओली लावली की तिथूनच सडते."

"अन् पाणी साचलं तर?"

तातेराव डब्याचं झाकण हातात फिरवत राहिले. रणजीत ट्रे उचलून निघून गेला. भला माणूस असावा.

"तुमाले तर सगळंच येते," पेमाबाई म्हणाली. "कुंडीत पाहून इसरले काय?"

मग मात्र सटवाजीचं नाव निघालं नाही. तातेराव मांडी घालून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "वाचल का हे? खरं सांग बाई. माझे दहा गुंठे हायेत याच्यावर."

पैज ऐकून पेमाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. पण हात चालूच होते. तिने नवं ब्लेड घेतलं, खोड बुडाशी आडवं कापलं. आत तपकिरी कडं. एक बोट वर कापलं. तिथंही एक तपकिरी ठिपका. तिसरा काप लागला तो स्वच्छ, फिका हिरवा. तिच्या हातात उरलं ते नऊ पानांचं फूल आणि बोटाच्या पेराएवढा दांडा. मूळ एकही नाही.

"हे जगेल. उघडं ठेवा पाच-सहा दिवस, कोरड्यात. कापलेल्या जागेवर कातडी धरू द्या. मग लावा. माती एक वाटी, चाळलेला मुरूम दोन वाट्या, कोळशाचा चुरा मूठभर. मातीची कुंडी, खाली मोठं भोक. अन् लावल्यावर बी आठ दिवस पाणी न्हाई. आठ दिवसांनी हलकेच ओढून पाहा. हललं न्हाई, तर मूळ धरलं. तवा घोटभर पाणी."

"लावल्यावर बी पाणी न्हाई?"

"न्हाई."

"थेंबबी न्हाई?"

"दादा, तांब्या कुलपात ठेवून द्या."

निघताना तातेरावांनी आजूबाजूला नजर टाकली. जाळीखाली ओळीने मिरचीची, वांग्याची, पपईची रोपं. कडेला कुंड्यांच्या फळ्या. चालायला जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. नुकतीच सर पडून गेली होती, तरी त्यांच्या चपलेला चिखल नव्हता.

"किती हाय ही जागा?"

"बारा गुंठे. सगळा मुरूम. शेतीसाठी कोणी फुकट बी घेत नव्हतं, म्हणून आमाले भेटली."

घरी आल्यावर प्रश्न पडला कोरड्या जागेचा. श्रावण तोंडावर, भिंतीसुद्धा ओल्या. तातेरावांनी सगळ्या घरात हात लावून पाहिला आणि शेवटी कोरडी, कोमट जागा सापडली ती इन्व्हर्टरवर. त्यावर कागद, कागदावर चाळणी, चाळणीत ते नऊ पानांचं फूल.

"देव बसवल्यावानी बसवलं," गोजरबाई म्हणाली. "उदबत्ती लावू का?"

"हात लावू नको फक्त."

सहा दिवसांनी कापलेली जागा फिकट, कोरडी, टणक झाली. तातेरावांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. सुकलेल्या बेण्याची जागा हाताला अशीच लागते. मग घरच्याच माळाच्या तुकड्यावरून मुरूम आणला. हा तुकडा गावाच्या रस्त्याला लागून होता आणि त्यात कुसळांशिवाय काही येत नसे. मुरूम चाळून घेतला, धुतला, वाळवला. वाटीने मोजून माती घातली. कुंडी घेतली ती चहाच्या कपापेक्षा बरोबर दोन बोटं मोठी. दोनदा बोटं लावून पाहिली.

लावणं सोपं गेलं. अवघड गेले ते पुढचे आठ दिवस. तातेरावांच्या हाताला सवय अशी की रोप लावलं की पाणी घालायचंच. लेकराला दूध पाजायला कुणी मुहूर्त पाहतं का? ते दिवसातून चारदा कुंडीपाशी जात. मातीत बोट घालत, कोरडी ठणठणीत. पानं जराशी सुरकुतली. पाचव्या दिवशी ते तांब्या भरून कुंडीपर्यंत पोचले होते, तेव्हा गोजरबाईने मागून विचारलं, "कोणाला पाणी?"

"मला," असं म्हणून तातेरावांनी ते सगळं पाणी पिऊन टाकलं.

नवव्या दिवशी त्यांनी झाड दोन बोटांत धरून हलकेच वर ओढलं. ते आलं नाही. पुन्हा ओढलं, किंचित जोराने. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं ते घट्ट होतं. तातेराव तसेच वाकून उभे राहिले. मग त्यांनी चमच्याने पाणी घातलं, चार चमचे, आणि त्या दिवशी ओट्यावर पान घेऊन आलेल्या माणसाला त्याने न मागताच चहा पाजला.

वैष्णवी ऑगस्टच्या सहा तारखेला आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिने खिडकीकडे पाहिलं. कुंडी होती, झाड होतं, मधोमध नवी दोन पानं गच्च मिटलेली. ती जवळ गेली, वाकली.

"जगलं," ती म्हणाली. तिचा आवाज बेताचाच होता. "तुम्ही जिंकलात, मामा."

तातेरावांनी ठरवलं होतं, की एवढं ऐकायचं आणि शेताकडे निघायचं. विहिरीजवळची जमीन मोकळी. बेणं मोकळं. त्यांनी टोपीही घातली होती.

"थांब," ते म्हणाले. "तुझं झाड मेलं व्हतं. मी मारलं. हे वरचं शेंड्याचं हाय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. काळी माती, बादली, दहा-सव्वीस-सव्वीसचे आठ दाणे, कनेरगाव नाका, इन्व्हर्टर. सटवाजीचं नाव घेतलेलं मात्र सांगितलं नाही. ते पुढे कधीतरी गोजरबाईनेच सांगितलं. वैष्णवी बॅगेवर बसून ऐकत होती. बादलीचं आलं तेव्हा तिने हसू दाबायला ओढणी तोंडाला लावली.

"बादलीत?" ती म्हणाली. "मामा, दहा लिटरच्या?"

"नवी व्हती बादली."

"मग जिंकलं कोण?"

"निम्मं मेलं, निम्मं जगलं," गोजरबाई चहा घेऊन आली. "पाच गुंठे द्या, मिटवा एकदाचं."

"पाच गुंठ्यांत काय व्हतंय?" तातेराव एकदम म्हणाले. "त्या पेमाबाईचे बारा हायेत, अन् तिला पाय ठेवायला जागा न्हाई. जाळीचे खांबच गुंठाभर जागा खाऊन जातात. पाचात काय, घोळ लावायची का?"

बोलून झाल्यावर, आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. दोघी बायका त्यांच्याकडे पाहत होत्या. कुणीही त्यांना मदत केली नाही.

"पण इहिरीजवळची न्हाई," ते सावकाश म्हणाले. "हट्टानं न्हाई म्हणत. ती जमीन काळी हाय. पावसात पाय रुततो, ट्रे ठेवशील कुठं? चार महिने चिखलातच फिरशील, अन् रोपं खालून सडतील. तू माळाचा तुकडा घे. मुरूम हाय, पाणी थांबत न्हाई. रस्त्याला लागून हाय, येणाराजाणाराला दिसल."

वैष्णवी बॅगेवरून उठली. महिन्याभराच्या ट्रेनिंगची वही तिच्या बॅगेत होती, आणि त्यात पहिल्याच दिवशी 'जागा निचऱ्याची, रस्त्यालगतची' असं लिहिलेलं तिला पाठ होतं. पण ते तिने आत्ता काढलं नाही.

"तिथं पाणी नाही," ती म्हणाली.

"पाईप टाकू इहिरीवरनं."

"कधी?"

"टाकू की. पाऊस उघडला की."

"मामा, तारीख सांगा."

"पोळा झाला की टाकतो."

"ह्याच पोळ्याला ना?"

गोजरबाई हसली आणि तिने या वेळी न सांगता साक्षीला होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरीश कामावर जाण्याआधी तिघं माळावर गेले. हरीशने टेपचं एक टोक धरलं, वैष्णवीने दुसरं. तातेराव खुंट्या आणि हातोडी घेऊन मागे. दहा गुंठे भरले तिथं त्यांनी खुंटी टेकवली.

"पेमाबाईंना बारा आहेत म्हणालात," वैष्णवी म्हणाली. ती टेप घेऊन तशीच पुढे चालत होती.

"थांब! पोरी, थांब म्हणतो ना!"

"खांबच गुंठाभर जागा खातात, असं कोण म्हणालं?"

"हरीश, धर तिला."

"मला कामावर जायचंय," हरीश म्हणाला आणि त्याने टेप सैल सोडला.

खुंट्या ठोकून झाल्या तेव्हा अकरा गुंठे भरले. त्यातला अर्धा गुंठा तातेरावांच्या मते बैलगाडीच्या वाटेचा होता आणि वैष्णवीच्या मते नव्हता. त्यावरून दोघांचं बोलणं पोळ्यापर्यंत चालू होतं, आणि पोळ्यानंतर पाईपचा चर खणतानासुद्धा.